पशुमुक्त परिसर

मोहिनीची इच्छा अगदी साधी होती, आणि तिथंच सगळं अडलं.

"मला एक रात मेंढरात झोपायचंय," ती म्हणाली.

मोबाइलच्या पडद्यावर उज्ज्वला मॅडम हसल्या. गंभीर आजारी मुलांच्या धाडसी इच्छा पूर्ण करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचं काम त्या बघत. परळीत मोहिनीच्या भाड्याच्या खोलीत मोबाइल धरून बसली होती जिनत. मुबीन मेकॅनिकची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, संस्थेची या भागातली एकुलती एक स्वयंसेविका.

"बाळा, मेंढ्या तर तुमच्याच आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "इच्छा कशी, एरवी कधी पूर्ण होणार नाही अशी हवी. दोरावरून कडा उतरायचा? बलूनमध्ये बसायचं?"

मोहिनीला रक्ताचा कर्करोग झाल्यापासून तिची माय कडूबाई तिला घेऊन या खोलीत राहत होती. बाप सटवा धर्मापुरीच्या शिवारात मेंढरं घेऊन हिंडत होता. उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी धूळ, धूर, जनावरं सगळं वर्ज्य केलं होतं. तेव्हापासून मोहिनीनं मेंढराला हात लावला नव्हता. म्हणजे एरवी पूर्ण न होणारी इच्छा हीच होती. पण ती धाडसात बसत नव्हती.

"बरं, तंबूत राहायचं? मोकळं आकाश, चांदण्या, शेकोटी!"

"आमी तसंच ऱ्हातो की," मोहिनी म्हणाली. "तंबू नसतो तेवढा."

कडूबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "हो म्हण गं. बाई किती लांबून इचारायल्यात."

मोहिनी हो म्हणाली. सांगितलेल्या गोष्टींत मेंढरांच्या त्यातल्या त्यात जवळची तीच होती.

जिनतनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तपासण्या चांगल्या आल्यात, पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत. धुरात बसायचं नाही, कच्चं दूध नाही, हात साबणानं धुवायचे आणि ताप आला तर लगेच आणायचं. बाकी रानात, मेंढरांत कुठंही जाऊ द्या. जिनतनं हे जसंच्या तसं पुण्याला कळवलं. पुण्याहून ते परत आलं तेव्हा त्याचं 'धूळमुक्त, धूरमुक्त, पशुमुक्त परिसर' झालं होतं. परळीत वीज केंद्राच्या राखेनं सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होतो, हे कळवावं की नाही याचा जिनतनं थोडा विचार केला. कळवलं नाही.

जागा तिनंच शोधली. धर्मापुरीच्या बबनरावांचं तूर काढून झालेलं रान सपाट होतं, मोकळं होतं, आणि आसपास शेपटी असलेलं काही दिसत नव्हतं.

"शनिवारी रान मोकळंच राहील ना?" तिनं विचारलं.

"मोकळंच हाय की," बबनराव म्हणाले. "रगड जागा हाय."

शनिवारी दुपारी पुण्याची गाडी आली. रानाच्या मधोमध हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं गेलं. त्यावर निळा तंबू उभा राहिला. तंबूपुढं शेकोटी मांडली गेली. धूर नको म्हणून तिच्यात बल्ब होता आणि पंख्यावर फडफडणारं केशरी कापड. कडूबाईनं सवयीनं तिच्यापुढं हात धरले, मग कुणी बघितलं नाही ना ते बघून पदराखाली घेतले.

दिवस कलला तसा मॅडमनी मोहिनीला गवतावर बसवलं. "डोळे मीट. निसर्ग आपल्याशी बोलत असतो. सांग, काय ऐकू येतंय?"

"मेंढरं," मोहिनी म्हणाली.

"वा! कल्पना करता येणं फार महत्त्वाचं असतं."

"आमचीच हायेत. म्होरच्या मेंढीच्या गळ्यातली घाटी वाजायली."

मॅडमनी डोळे उघडले. बांधावरून कळप उतरत होता. त्याच्या मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला सटवा होता आणि सटवाच्या मागं समाधानी चेहऱ्याचे बबनराव.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या. "शेत आम्हाला दिलं होतंत ना?"

"दिलंच की. ह्यो कोपरा तुमाला. बाकीच्यात मेंढरं बसवायचीत."

"बसवायची म्हणजे?"

"रातभर बसली की लेंड्या पडत्यात, रानाला खत होतंय," बबनराव शांतपणे म्हणाले. "म्हणून तर रान मोकळं ठिवलं, बाई. न्हाईतर मोकळं कावून ठिवीन?"

तंबू कोपऱ्यात नव्हता, पण मेंढरांनी त्याची फिकीर केली नाही. त्यांनी आधी प्लास्टिकचं गवत चाखून बघितलं आणि सोडून दिलं. मग ती गाडीच्या चारी बाजूंनी बसली. सटवानं खुंट्या ठोकून कळपाभोवती जाळं ताणलं, तेव्हा तंबू, शेकोटी आणि गाडी जाळ्याच्या आत आली.

"मोहिनी, चल," मॅडम उठल्या. "परळीत हॉटेलचा हॉल आहे. तंबू तिथं लावू. गाडी काढा."

मोहिनीनं गवताची कड मुठीत धरली.

"आता न्हाई उठवायची," सटवा म्हणाला. "बसलेला कळप अंधारात उठवला तर रानभर होतोय. लांडगं टपलेलेच असत्यात. गाडी सकाळी काढा."

"हिला काही झालं तर?"

जिनतनं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मेंढ्या?" डॉक्टर म्हणाले. "मग? हात धुवा, लेंड्यांत खेळू नका. मी आधीच सांगितलं होतं की." मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं. फोन बंद झाला.

कडूबाई जिनतकडं बघत राहिली.

सकाळी मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोहिनी जाळ्याच्या कडेला बापाच्या घोंगड्यावर गाढ झोपली होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून म्होरची मेंढी रवंथ करत होती. निळ्या तंबूत चार कोकरं होती. थंडी पडली तसं सटवानं "ते घर रिकामंच हाय, न्हवं?" असं विचारून ती आत सोडली होती.

अहवालाला फोटो लागत होता. कोकरं बाहेर काढली, तंबू पुसला, मोहिनीला दारात बसवलं. "आयुष्यात पहिल्यांदाच उघड्या आभाळाखाली," मॅडम मोबाइलवर लिहीत होत्या. "कसं वाटलं, बाळा?"

"लई भारी," मोहिनी म्हणाली. मग जिनतकडं वळून हळूच विचारलं, "ताई, परत मेंढरात यायचं तर परत आजारी पडावं लागंल का?"

"नाही गं," जिनत म्हणाली. "हात धुवायचे. तब्येत अशीच राहिली तर कधीही ये."

कडूबाई बादलीपाशी साबण लावत होती. तिचे हात थांबले.

"डाक्टर हे कवा म्हणाले, जिनतताई?"

"महिना झाला असेल."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"पुण्याला कळवलं होतं," जिनत म्हणाली.

कडूबाईनं निळ्या तंबूकडं, केशरी कापडाकडं, पालथ्या पडलेल्या हिरव्या गवताकडं एकदा नीट बघून घेतलं. मग पोरीचा हात ओढून बादलीत घातला आणि खसाखसा धुवायला लागली.

"आवं," तिनं सटवाला हाक मारली, "उद्या कुणाच्या रानात बसवायचीत?"