प्राचार्यांच्या मांडीवरचा चेंडू

टिलरी कॉलेजात लायमन ट्रूसडेल पानगळीत चेंडू हातात घेऊन धडका मारायचा अमेरिकी फुटबॉल शिकवायचा आणि बर्फ पडला की बास्केटबॉल. पोरं दोन्हीकडे तीच, त्यामुळे हरायचीही दोन्हीकडे. प्राचार्य रेव्हरंड स्टॉडर्ड यांना तर खेळ म्हणजे सैतानाचा उद्योग वाटे. सोमवारी त्यांनी ट्रूसडेलला बोलावून घेतलं.

"शनिवारी नदीपलीकडच्या कॉलेजाशी बास्केटबॉल हरलात तर दोन्ही खेळ बंद. मग तुम्ही लॅटिन शिकवा."

लॅटिनमधलं ट्रूसडेलला ओ की ठो कळत नव्हतं.

पण गडी मुलखाचा बिलंदर. फुटबॉलच्या चड्ड्यांना त्यानं धरायला कातडी मुठी शिवून घेतल्या होत्या. दोघा दांडग्यांनी मुठी धरून हलक्या गड्याला समोरच्यांच्या डोक्यावरून भिरकावायचं, अशी ती खेळी. फुटबॉलवाल्यांनी तिच्यावर बंदी घातली. बास्केटबॉलच्या नियमांत मात्र चड्डीबद्दल अवाक्षर नव्हतं. नियम एवढाच, की चेंडू बाहेर गेला तर ज्या खेळाडूचा हात आधी लागेल त्याचा. मग तो शेगडीमागे जावो, नाहीतर वर सज्जात.

शनिवारी दुपारी ट्रूसडेलनं प्राचार्यांना सज्जात, बरोबर टोपलीच्या वर नेऊन बसवलं.

"इथून सैतान अगदी स्पष्ट दिसतो, रेव्हरंड."

सज्जाच्या एकुलत्या एक जिन्यावर त्यानं चर्चमध्ये गाणाऱ्या बायका बसवल्या, प्रत्येकीच्या हातात सफरचंदाचा पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, देऊन.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा गुण समसमान होते. नदीपलीकडच्या कॉलेजानं मारलेला चेंडू टोपलीच्या कडेवर आपटून उडाला आणि थेट प्राचार्यांच्या मांडीवर पडला. पाहुण्यांचा कप्तान जिन्याकडे धावला.

"माफ करा, बाई... जरा पाय... माफ करा!"

"पिम, वर!" ट्रूसडेल आपल्या हलक्या गड्याला ओरडला.

"सर, मागच्या वेळी दात पडला माझा!"

"एकतीस उरलेत की, गाढवा!"

दोघा दांडग्यांनी त्याच्या चड्डीच्या मुठी धरल्या आणि पिम कठड्यावरून प्राचार्यांच्या पायाशी जाऊन आदळला. तेवढ्यात बुटाला सफरचंदाचा पाय फासलेला कप्तानही पोचला. दोघांनी हात पसरले. प्राचार्यांनी चेंडू छातीशी घट्ट धरला होता.

"सर, कृपा करून," कप्तान अदबीनं म्हणाला.

खाली ट्रूसडेलला लॅटिनचा अख्खा वर्ग डोळ्यांपुढे दिसू लागला.

प्राचार्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. आणि चेंडू गुपचूप पिमच्या हातात सरकवला. पिमनं तो खाली फेकला, खालच्या दांडग्यानं झेलून टोपलीत घातला आणि शिट्टी वाजली. ट्रूसडेलनं आनंदानं जिन्यावरच्या एका बाईच्या हातातला सफरचंदाचा पाय खाऊन टाकला.

सोमवारी पुन्हा बोलावणं आलं. प्राचार्यांनी दार लावलं.

"शनिवारी मी काहीही केलं नाही, ट्रूसडेल."

"काहीही नाही, रेव्हरंड."

टेबलावरचं लॅटिनचं पुस्तक प्राचार्यांनी उचलून खणात टाकलं, खण बंद केला आणि घसा खाकरला.

"पुढची मॅच त्यांच्या गावात ना? तिथं सज्जा आहे का?"