हातावर राहा

थांबा, खोलीतला दिवा लावू नका. मी प्रोजेक्टर बोलतोय. वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात, मागच्या खोलीत, फळीवर वाकडा बसलोय तोच. उजेडात मला कोणी विचारत नाही. माझं जे काही चालतं ते अंधारात, म्हणून अंधार आहे तोवर सांगून टाकतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळा उघडला तेव्हा एका कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत छताला उलटा टांगलेला होतो. तिथे मी आलेख दाखवायचो. रेघ वर जाणारी असली की साहेब बोलायचे, खाली जाणारी असली की सगळे आपापल्या कपात बघायचे. अंधारात जांभई देता येते, एवढाच लोकांना माझा खरा उपयोग. मग माझ्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उमटला आणि प्रत्येक आलेखावर बसायला लागला. साहेब वैतागले. मला उतरवून मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत टाकलं.

तिथून मला दादाने उचललं. त्या कंपनीच्या बँडचा फुटका ड्रम त्याने नीट करून दिला होता आणि मोबदल्यात काय हवं म्हणून विचारलं तेव्हा माझ्याकडे बोट केलं. दादा म्हणजे या दुकानाचा मालक, कारागीर, हमाल, सगळं काही. तिशीही उलटली नव्हती त्याची. ॲकॉर्डियनच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि वाजवायचाही तो तेच. मला आणल्यावर त्याने भिंतीवरचं चित्र आधी पाहिलंच नाही. माझ्या पंख्याला कान लावला.

"काळी चार," माझ्या घरघरीचा स्वर ओळखून तो म्हणाला. "सुरात आहे. चालेल."

हिरव्या ठिपक्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. मला पहिल्यांदा वाटलं, चला, आपण कुणाचे तरी झालो.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, खिडकीला घोंगडी लागायची आणि मागच्या खोलीत पिक्चर लागायचं. पिक्चर एकाच जातीची. खऱ्या वादकांची, खऱ्या गाणाऱ्यांची. कधी नट घेऊन केलेली, कधी त्या माणसाच्या मागेमागे कॅमेरा घेऊन फिरून केलेली. बघणारे मोजके. जहाजावरच्या बँडमधून निवृत्त झालेले ट्रंपेटकाका. मुलांना ड्रम शिकवणाऱ्या ड्रमबाई. आणि दादाचा धाकटा भाऊ बारक्या, जो आता चांगला दाढीमिशीवाला झाला होता तरी बारक्याच. गॅरेजमध्ये काम करायचा. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. त्याचे हात आधी चालायचे, डोकं मागून यायचं.

ही माणसं पिक्चर कशी बघायची ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ती चेहरा बघायचीच नाहीत, हात बघायची. नट ट्रंपेट तोंडाला लावून डोळे मिटायला लागला की काका म्हणायचे, गाल जागचा हलला नाही, वारा काय कानातून काढतोय हा? ड्रमबाई तर काठी पडली कुठे आणि आवाज आला कुठला एवढंच मोजायच्या. आणि कॅमेरा ऐन रंगात असताना हातावरून चेहऱ्याकडे निघाला की दादा कळवळून भिंतीला सांगायचा, "हातावर राहा रे बाबा, हातावर राहा." चेहरे बघायचे असतील तर लग्नाचा अल्बम बघा, असं त्याचं म्हणणं. माझ्या हिरव्या ठिपक्यावरून त्यांनी शोध लावला होता की जगातल्या झाडून सगळ्या वादकांना डाव्या बाजूला तीळ असतो.

दादाचं सर्वांत आवडतं पिक्चर एका म्हाताऱ्या गिटारवाल्याचं होतं. त्यात तो कितीतरी वेळ नुसत्या तारा बदलतो. जुनी काढतो, नवी ओवतो, खुंटी पिळतो, ऐकतो, पुन्हा पिळतो. बारक्याने एकदा कंटाळून विचारलं, हा वाजवणार कधी? दादा म्हणाला, वाजवतोय की. बारक्याला ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

आणखी एक पद्धत होती. या पिक्चरांत वादक शेवटी मरतोच. ड्रमबाई आधीच सांगायच्या, खोकला आला, आता गाशा गुंडाळा. तेवढ्यात दादा बटण दाबायचा आणि पिक्चर तिथेच थांबायचं. मेला ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात बघायचं काय, म्हणायचा. त्यामुळे माझ्या भिंतीवर आजवर एकही वादक मेलेला नाही. मला याचा फार अभिमान होता.

एका रविवारी ट्रंपेटकाकांनी टूम काढली. इतक्या लोकांची पिक्चर बघतो, मग आपल्या दादाचं का नाही? दादा लाजून लाल झाला. पण बारक्याने मोबाइल काढलाच होता. खोलीत उजेड कमी पडत होता म्हणून त्यांनी मला रिकामाच चालू करून दादाच्या अंगावर रोखलं. म्हणजे त्या पिक्चरमधला दिवा मी आहे. आणि बारकाईने ऐकलंत तर दादाच्या सुरांखाली एक बारीक घरघर ऐकू येते, काळी चारची. तीही मीच. दादाने आपली चाल मुद्दाम माझ्या स्वरात बसवली होती.

वाजवायला लागण्याआधी त्याने बारक्याला एकच गोष्ट सांगितली. हातावर राहा.

आणि बारक्या राहिला. जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही त्या पोराने, ते एक ऐकलं. भाता उघडतोय, मिटतोय, बोटं पळतायत, आणि मोबाइल काही केल्या वर जात नाही. चाल संपली. तिथल्या तिथे काकांनी निकाल दिला की आजवर पाहिलेल्यांत हे सर्वांत चांगलं, कारण यात एकही हात खोटा नाही.

पुढचं मी भराभर सांगतो. दादाच्या पोटात दुखायला लागलं. गॅस झाला असेल म्हणून तो गोळी घेऊन कामाला बसला. आतडं आत फुटलं होतं. बारक्याने त्याला पाठीवर घालून नेलं. परत आणलं ते बोलता चालता आणलं नाही. या वेळी बटण कुणाच्याच हातात नव्हतं.

दुकान बंदच होतं. माझ्यावर धूळ बसली. मग एका दुपारी बारक्या एकटाच आला, लॅपटॉप जोडला आणि ते पिक्चर लावलं. पहिल्यांदा वाटलं, भावाला बघायला आला. मग लक्षात आलं, तो काहीतरी शोधतोय. थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा थांबवायचा. भात्याच्या वर काही दिसतंय का. चकचकीत पट्टीवर काही उमटलंय का. नव्हतं. हनुवटीचा तुकडासुद्धा नव्हता.

त्याने फळीवर बुक्की मारली. मी खाली आलो. माझा एक पाय मोडला, भिंगाच्या कडेला तडा गेला. मग तो मलाच पोटाशी धरून जमिनीवर बसला. "एकदा तरी वर करायचा होता रे," म्हणाला. कुणाला म्हणाला, माहीत नाही. तिथे मी होतो, मी ऐकलं.

गोष्ट अशी होती की आईने ते पिक्चर मागितलं होतं. आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि रविवारीच तिथे कामाचा डोंगर असायचा, म्हणून ती आमच्या खोलीत कधी आलीच नव्हती. दादाला फोटोचा कंटाळा. ओळखपत्रावरचा एक फोटो होता आणि तो बघून आई म्हणायची, हा माझा मुलगा नाही, हा कुणीतरी दचकलेला माणूस आहे. तिला दादा हलताना, हसताना बघायचा होता. बारक्याने सरळ सांगून टाकलं की मोबाइल बिघडला, पिक्चर उडालं. आई त्या दिवशी जेवली नाही.

हे ऐकून ड्रमबाईंनी त्याला असा झापला की मला फळीवर घाम फुटला. म्हणाल्या, तू तिचा एक मुलगा तिच्यापासून लपवून ठेवलायस. बारक्या म्हणाला, त्यात तोंडच नाही, काय दाखवू? काका मान खाली घालून म्हणाले, "आमच्यामुळे झालं ते. जे आहे ते दाखव."

म्हणून आज आई आली. हो, आजचंच सांगतोय. रजा काढून आली. बारक्याने माझ्या मोडक्या पायाखाली दादाच्या सुट्या पट्ट्यांचा डबा सरकवला. घोंगडी लावली. मग आईसमोर उकिडवा बसून म्हणाला, "आई, पिक्चर आहे. मी खोटं बोललो. पण तोंड नाही त्यात, नुसते हात आहेत." आई म्हणाली, "लाव."

माझा दिवा आता म्हातारा झालाय. अंगावर इशाऱ्याची लाल ठिणगी लुकलुकते, म्हणजे कधीही जाईन. आज जाऊ नको, मी स्वतःला बजावलं. भिंतीवर हात आले. भिंतभर. काका आणि ड्रमबाई मागे आपापल्या जागी बसलेले.

आई पुढे वाकली. मग म्हणाली, "करंगळी बघ, वाकडी. तू दार आपटलं होतंस त्याच्या बोटावर. आणि रडत बसलास तू, तो नाही." बारक्या नाकातून हसला आणि तसाच रडायला लागला. आई बोलतच राहिली. हा डाग सोल्डरिंगचा. नखं बघा कशी, सांगून सांगून दमले, कापायचा नाही. इतक्या वर्षांत या खोलीत एवढं बारीक कुणी हातांकडे बघितलं नव्हतं, काकांनीसुद्धा नाही.

मग ती उठली. आमच्याकडे चालू पिक्चरमध्ये उठणं म्हणजे गुन्हा. दादा असता तर ओरडला असता. काकांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. आई भिंतीपाशी गेली आणि तिने त्या करंगळीला हात लावला. तिची सावली पडली, अर्धं चित्र गेलं. तेवढ्यात चाल संपली आणि माझ्या शेजारच्या स्पीकरमधून दादा बोलला.

"झालं का? चेहरा नाही ना घेतलास?"

आवाज माझ्या बाजूने आला, म्हणून आई गर्रकन माझ्याकडे वळली. पिक्चरच्या शेवटी दादा मोबाइल बंद करायला हात पुढे करतो. त्याचा तळवा मोठा मोठा होत येतो. तो तळवा भिंतीवर पडलाच नाही. तो आईच्या गालावर पडला.

बारक्याने बटण दाबलं.

पिक्चर तिथेच थांबलंय. माझ्या झोतात आईचे डोळे दिपले, तिने ते मिटून घेतलेत. बारक्याने विचारलं, "त्रास होतोय का? बंद करू?" ती म्हणाली, "राहू दे रे."

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात कुणी वाजवत असेल, गात असेल, तर त्याचं पिक्चर काढा. हातावर राहा, पण एकदा, तो नको म्हणाला तरी, वर बघा. आणि आता जरा गप्प बसा. माझा पंखा घरघरतोय, दिवा तापलाय, किती वेळ धरवेल सांगता येत नाही. म्हणूनच म्हटलं, खोलीतला दिवा लावू नका. आई अजून उभी आहे.