तांबीच्या पोटातला चुंबक

चुंबकाशी रवळूचा उभा दावा होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्याने अर्धी हयात क्रेन चालवण्यात घालवली. क्रेनच्या टोकाला गाडीच्या चाकाएवढा चुंबक; बटण दाबलं की भंगाराचा ढीग उचलायचा, बटण सोडलं की टाकायचा. एकदा अचानक करंट गेला, अख्खा ढीग खाली कोसळला आणि सोबतीचा ज्योतिबा थोडक्यात वाचला. तेव्हापासून चुंबकावरचा रवळूचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढे नोकरी सोडून तो जांबोटीला घरी आला आणि भातशेती नि तांबी गाय यांत रमला.

तांबीवर त्याचा भारी जीव. बायको राजाबाई म्हणायची, "एक वेळ माझं नाव इसरशिला, पर तिचं न्हाय."

त्या तांबीनेच खाणं टाकलं. पाठ वर काढून उभी राहायची, पाऊल टाकताना कण्हायची. जनावरांच्या डॉक्टर तेजस्वीबाई आल्या, त्यांनी छातीपाशी दाबून पाहिलं.

"तार गिळलीय. वैरणीचा गठ्ठा बांधलेली असेल. पुढं सरकली तर थेट काळजात घुसेल."

त्यांनी पिशवीतून बोटाएवढा गुळगुळीत चुंबक काढला. "हा पोटात सोडायचा. तारेला धरून ठेवील."

"चुंबक न्हाय," रवळू आडवाच आला. "करंट गेला की सोडतंय ते. आनि हितं तर रोजच जातोय करंट!"

"तांबीच्या पोटात वायर वडलीया व्हय कुनी?" राजाबाई कडाडली.

तेजस्वीबाई हसल्या नाहीत. "आप्पा, तुमच्या क्रेनचा चुंबक तात्पुरता. साधं लोखंड, त्याभोवती तारेचं वेटोळं. करंट आहे तोवर चुंबक, नाहीतर नुसतं लोखंड. तिथं तसाच लागतो, नाहीतर उचललेलं भंगार सुटणार कसं? हा कायमचा. ह्याला करंट लागतच नाही."

रवळूने चुंबक हातात घेतला, त्याला खुरपं चिकटवलं आणि झिंज्या उपटाव्यात तसं गदागदा हलवलं. खुरपं काही सुटेना.

"काढायचा कवा?"

"काढायचाच नाही. गाय जगेल तोवर आत राहील."

रवळूने तांबीकडे पाहिलं. भीती जात नव्हती, पण दुसरा उपायही नव्हता. त्याने स्वतःच तिचा जबडा धरला. नळीतून चुंबक आत गेला. थोड्या वेळाने बाईंनी तिच्या डाव्या कोपरामागे होकायंत्र धरलं. काटा गरकन गायीकडे वळला.

"बसला जागेवर. आता पुढचे पाय उंचावर ठेवा, म्हणजे तार मागं येईल. इंजेक्शन दिलंय. दोन दिवसांत खाल्लं तर बरं, नाहीतर बेळगावला नेऊन पोट उघडावं लागेल. त्यातून वाचेलच असं सांगत नाही."

रवळूने घराचं दार बिजागरीतून उचकटलं आणि दगडांवर उतरतं टाकलं.

"दार कशाला काढताय? कुत्री शिरतील की घरात!"

"शिरू देत," म्हणत त्याने तांबीचे पुढचे पाय त्यावर चढवले.

मग तो गोठ्यातच बसला. राजाबाई भाकरी घेऊन यायची, तो मान फिरवायचा. "हिनं खाल्ल्याबिगर मी न्हाय खानार." ती ताट परत न्यायची. तांबी हिरव्या गवताकडेही बघत नव्हती. रवळू तिच्या पोटावर हात ठेवून आतल्या चुंबकाला विनवायचा, "धर रं बाबा. घट्ट धर."

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबीने जीभ लांबवून त्याच्या हातातली गवताची मूठ ओढली. सावकाश चावली. मग दुसरी मागितली. दुपारी ती रवंथ करू लागली, तेव्हा रवळू तिच्या मानेला मिठी मारून लहान पोरासारखा रडला.

"चल, वाढ आता," डोळे पुसत तो राजाबाईला म्हणाला. "लई भूक लागलीया."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहरा उतरला होता.

"आज तुमी वाढा," ती हसून म्हणाली. "दोघास्नीबी."

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, परत गेलेल्या त्या ताटांतलं तिनेही काही खाल्लं नव्हतं. त्याने तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि पहिला घास तिला भरवला.