व्हर्ननची पाठ

"बंद कर! अगं इर्मा, बंद कर ते!"

बटाटे सोलायचे टाकून मी धावले. यंत्र व्हर्ननच्याच हातात होतं आणि बंद करायचं बटणही त्याच्याच अंगठ्याखाली होतं. पण नवरा घाबरला की बायकोला हाक मारतो, बटण त्याला दिसत नाही. मी यंत्र हिसकावून घेतलं आणि बंद केलं.

पत्त्यांच्या जोडाएवढं ते यंत्र. त्यातून दोन वायरी निघालेल्या आणि टोकाला चिकटपट्ट्या. गावातल्या फिजिओथेरपिस्टने, मॅरिटने, आदल्याच दिवशी ते दिलं होतं. दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायच्या, बारीक वीज सोडायची, मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि दुखणं मागे सरतं, असं ती म्हणाली होती.

"म्हणे मुंग्या!" व्हर्नन कंबर धरून म्हणाला. "गांधीलमाशी डसली, गांधीलमाशी!"

"किती वाढवलं होतंस?"

"अर्ध्याच्या वर. त्याच्या खाली नुसतं चुरचुरत होतं. झटका बसला नाही तर आत वीज आहे हे माणसाला कळायचं कसं?"

या माणसाने जन्मभर कुरणाच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला गवताची काडी टेकवून वीज आहे की नाही ते बघितलेलं. चावली तर तार चांगली, नाही चावली तर गाई पळणार. त्याचं विजेचं शिक्षण तेवढ्यावरच संपलं होतं आणि आता तेच ज्ञान तो स्वतःच्या कमरेवर चालवत होता.

"दे फेकून," तो म्हणाला. मी फेकलं नाही. खणात ठेवलं.

एरवी मी त्या यंत्राच्या एवढी मागे लागले नसते. पण शेजारच्या डेल्बर्टची बायको आर्डिस दोन दिवसांपूर्वी गेली होती. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरचं कुणी दफन होईपर्यंत गोठ्यात पाऊल टाकत नाही. गाई मात्र कुणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत, त्यांना सकाळ-संध्याकाळ पिळावंच लागतं. मग शेजारी येतात, आपसात पाळ्या लावतात, धारा काढून, शेण ओढून, न बोलता निघून जातात. व्हर्ननची आई गेली तेव्हा डेल्बर्ट असाच उजाडायच्या आत आला होता. सगळं आटपेपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाला गोठ्याचं दार उघडू दिलं नव्हतं. बाहेर बर्फ गुडघ्याएवढा होता.

या वेळी पाळ्या लावायचं काम पलीकडच्या शेतावरच्या तरण्या रँडीकडे होतं. रस्त्यावरच्या सगळ्या घरांत त्याचा फोन गेला. आमच्याकडे आला नाही.

शेवटी व्हर्नननेच केला. मी शेजारीच उभी होते. रँडीचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत येत होता.

"माझी पाळी कधी रे?"

"अरे व्हर्न, तू कशाला? आम्ही आहोत ना भरपूर. तू आपला चर्चमध्ये ये, छान बस."

छान बस! दोन हिवाळे झाले, हा माणूस जेवणाच्या टेबलाशीसुद्धा धड बसला नव्हता. कंबर त्याला बसू देत नव्हती, आडवं होऊ देत नव्हती. रात्री खाली आरामखुर्चीत अर्धा तिरका पडून राहायचा आणि मी वर एकटी त्याच्या कण्हण्याकडे कान लावून. गेल्या वसंतात गाई विकल्या त्याही पाठीपायीच. प्रत्येक गाईच्या पोटाखाली वाकायचं आणि उठायचं, ते त्याला जमेना. गाई गेल्या तेव्हा तो रडला नाही. रँडीचा फोन ठेवल्यावर मात्र खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि मी कॉफी घेऊन गेले तर नको म्हणाला. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने कॉफी नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते यंत्र पिशवीत टाकलं आणि त्याला गाडीत घातलं.

मॅरिट आमच्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने सगळं ऐकून घेतलं, पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या, बोटाला बोट घासून बघितलं.

"व्हर्नन, पाठीला काही लावता का तुम्ही?"

"काही नाही."

"तेल, क्रीम?"

"बायका लावतात ते? मी नाही लावत."

मला हसू आवरेना. "व्हर्नन, आणि डब्यातलं मलम?"

"ते मलम थोडंच आहे? ते गाईंचं आहे."

मॅरिट माझ्याकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं. गाईंच्या सडांना भेगा पडू नयेत म्हणून लावायचं ते चिकट, पिवळं मलम. आमच्याकडे ते हातांना लावतात, ओठांना लावतात, कुत्र्याच्या पंजांना लावतात. गाई गेल्या तरी डबा गेला नाही. व्हर्नन रोज झोपताना ते कमरेला थापतो, जाडच्या जाड, पोळीवर लोणी लावावं तसं.

"कशापायी?" मॅरिटने विचारलं.

"गाईंना गुण यायचा," व्हर्नन म्हणाला.

ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. त्याला राग यायला हवा होता, पण तोही ओठांच्या कोपऱ्यातून हसला. मग ती म्हणाली, "अहो, त्या तुपकटावर पट्टी चिकटेल कशी? कुठेतरी कडेलाच टेकते, आणि सगळी वीज तेवढ्याच जागेतून घुसते. म्हणून डसली. त्यात तुम्ही वाढवत गेलात."

तिने साबण आणि कोमट पाण्याने त्याची पाठ धुतली. दोन हिवाळ्यांचं मलम निघालं. कोरडी करून नव्या पट्ट्या लावल्या आणि यंत्र त्याच्या हातात न देता स्वतःच चालू केलं.

"जाणवलं की सांगा."

"जाणवलं."

"अजून थोडं. चावतंय?"

"नाही. मधमाश्यांच्या पेटीवर हात ठेवल्यासारखं वाटतंय."

"बास. इथेच. ही कुंपणाची तार नाही, व्हर्नन. चावायला लागली की चुकलं."

ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे खांदे खाली आले होते. ते कानाशी वर चढलेले असतात हे मी विसरूनच गेले होते. मला वाटायचं, म्हातारपणी तो तसा दिसायला लागलाय.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. "जाईल ते."

ते बरं वाटणं गेलं नाही. मॅरिट परत आली तेव्हा तिने स्वच्छ सांगितलं, "याने पाठ बरी होणार नाही. दुखणं थोडा वेळ बाजूला बसेल, एवढंच. तेवढ्यात जे करायचं ते करून घ्या."

"धारा काढू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "गुडघ्यात वाका, कमरेत नाही," ती म्हणाली. "जड उचलायचं नाही. आणि यंत्राला पाणी लागू देऊ नका."

दफनाच्या दिवशी सकाळी आम्ही कुणाला न विचारता डेल्बर्टच्या गोठ्यात शिरलो. दिवे लागले होते, रेडिओ चालू होता. रँडी गाईंच्या रांगेतून वळला.

"व्हर्न? अरे घरी जा बाबा. पडलास तर आज आणखी एक खड्डा खणावा लागेल."

"तुझ्या बापाला धारा काढायचं पहिलं यंत्र कुणी लावून दिलं, विचार त्याला. ती बाजू माझी."

"आणि कमरेच्या पट्ट्याला काय लटकवलंयस?"

"पाठीला कुंपण घातलंय. दुखणं बाहेर चरतंय सध्या."

रँडी हसला आणि बाजूला झाला. मी पुढे होऊन कासा पुसत गेले, व्हर्नन मागून धारांचं यंत्र लावत आला. पहिल्या गाईशी तो खाली बसला. त्याने कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, हात आपोआप सडांवर गेले आणि नळीतून दूध धावलं. मग तो उठला. धरायला मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. दुसरी गाय, तिसरी. अधूनमधून त्याचा चेहरा आवळायचा, पट्ट्यावरच्या छोट्या यंत्राकडे हात जायचा, मग पुन्हा सैल व्हायचा. कोपऱ्यातल्या एका लाल गाईने लाथ मारली, तर त्याने तिला अशी ठेवणीतली शिवी दिली की मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

रांग संपत आली तेव्हा दारात डेल्बर्ट उभा होता. अंगात काळा कोट आणि पायात गोठ्यातले बूट. त्याने यायला नको होतं, पण घरात राहवलं नसेल त्याला. रँडीने रेडिओ बारीक केला. डेल्बर्ट व्हर्ननजवळ आला.

"तुला कुणी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

"हो ना."

"ती लाल लाथ मारते."

"मारली."

डेल्बर्टने लालच्या पाठीवरून हात फिरवला. "आर्डिसला नाही मारायची," तो म्हणाला. मग कोणाकडेच न बघता विचारलं, "संध्याकाळी येशील, व्हर्न?"

"येतो."

डेल्बर्ट गेला. मी जी कास पुसत होते ती पुन्हा पुन्हा पुसत राहिले, कारण मला काही दिसत नव्हतं. मला रडू आर्डिसचं यायला हवं होतं आणि येत होतं ते आनंदाचं. आर्डिस मला ओळखून होती, ती रागावली नसती.

घरी येऊन आंघोळी केल्या. मी त्याची पाठ पुसून नव्या पट्ट्या लावल्या, वर पांढरा शर्ट, वर कोट. चर्च भरलं होतं. आम्हाला मधल्या ओळीत जागा मिळाली, सगळ्यात कडक बाकावर. पहिली प्रार्थना झाली, आर्डिसचं आवडतं गाणं झालं, पाद्रीबाबा बोलायला लागले. आता हा चुळबुळ करेल, आता उठून मागे उभा राहील, म्हणून मी वाट बघत होते. तेवढ्यात माझ्या खांद्यावर वजन आलं.

व्हर्नन झोपला होता. नुसता झोपला नव्हता, घोरत होता. ते गाढ, बैलासारखं घोरणं मी दोन हिवाळ्यांत ऐकलं नव्हतं. पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला ढोसायला मी कोपर वर घेतलं.

पहिल्या बाकावरून डेल्बर्ट मागे वळला. शवपेटी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. त्याने व्हर्ननकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे, आणि नकारार्थी मान हलवली. मी हात खाली घेतला. पाद्रीबाबांनी आवाज थोडा चढवला आणि पुढे बोलायला लागले.