लक्ष्याचा शंख

“सरकारनं दिवा दिला घरात लावाय, नि तू त्याची बॅटरी डुकरांला वाहून आला? मी काय आंधारात भाकरी थापू?”

जमुनानं नाचणीची भाकरी तव्यावर अशी आपटली, की चुलीतली राख उडून लक्ष्याच्या मिशीवर बसली. लक्ष्यानं मिशी पुसली नि गालात हसला. दाभोशाच्या धबधब्याच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर सौर दिवे आले, त्या सालची ही गोष्ट. प्रत्येक घरी छपरावर ऊन खाणारा एक काचेचा तवा, आत एक दिवा, एक बॅटरी. लक्ष्याच्या घरी मात्र दिवा खुंटीला लटकलेला नि बॅटरी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर.

“हस, हस! घरात आंधार नि रानात वरात!”

“अगं, भात राहला तं भाकरी थापशील. डुकरांनी खाला तं काय उजेडात चूल बघत बसशील?”

बोलणं खोटं नव्हतं. लक्ष्याची स्वतःची जमीन बोटभर नाही. गौतम मास्तरांची उताराकडची खाचरं त्यानं पहिल्यांदाच अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, केली होती. मास्तरांनी आपल्या घरच्या वावराला तारेचं कुंपण घातलेलं. म्हणून सगळी रानडुकरं वळायची ती लक्ष्याकडे.

जामसरच्या सप्त्यात त्यानं कीर्तन ऐकलं होतं. बुवा वीणा छातीशी धरून म्हणाले, “जो जागा, त्याचं शेत राखलं!” माणसं डोळे मिटून डोलली. बुवा जिवाच्या शेताबद्दल बोलत होते. लक्ष्याला आपली खाचरं दिसली. दिवसभर मजुरी करणारा रात्रभर जागणार कसा? तर आपल्यासाठी जागणारं काहीतरी करावं.

नि त्यानं केलं. मोडक्या जीपचा भोंगा आणला. ओहोळाची धार बांबूच्या नळीत सोडली. नळी भरली की कलंडायची, कलंडली की दोन खिळे टेकायचे नि बॅटरीवर भोंगा भोंऽऽ करून कोकलायचा. पाणी सांडलं की नळी परत वर. डुकरं शेपट्या ताठ करून पळायची. लक्ष्या त्याला शंख म्हणायचा.

“लक्ष्या, डुकरांची येष्टी लागली काय रं?” शेजारचा नवशा बांधावरून खिजवायचा. पण भात राहिलं. पिवळं झालं, वाकलं. आता फक्त कोयता लावायचा. तो मात्र लावता येत नव्हता. कणसरी मायला, धान्याच्या देवीला, नवं वाहिल्याबिगर पाड्यात कुणी कणीस तोडत नाही, नि भगतानं दिवस दिला होता रविवारचा.

गुरुवारी दिव्यांचा साहेब तपासणीला आला. त्यानं खुंटीवरचा मुका दिवा बघितला, तशी जमुनानं घाबरून शेताकडं बोट दाखवलं. पण माळ्यावरचा भोंगा कोकलला नि साहेब टाळ्या पिटत नाचलाच.

“वा! अशाच नव्या कल्पनांना आम्हाला उत्तेजन द्यायचंय! उद्या जव्हारला प्रदर्शन आहे, मोठे पाहुणे येणार. तुझा सत्कार करू. हे सगळं घेऊन चल.”

“सायब, रविवार जाऊ द्या. भात उभा आहा.”

“एका रात्रीनं काय होतंय?”

“तेवढ्यात तं सगळा होतो, सायब.”

साहेबाचा आवाज गोडच राहिला. “बघ बुवा. बॅटरी दिव्यासाठी दिली होती. भलत्या कामाला वापरली म्हणून परत न्यावी लागेल. प्रदर्शनात आली, तर मात्र तुझीच.”

लक्ष्यानं जमुनाकडे पाहिलं. जमुना म्हणाली, “जा. मी डबा वाजवीन.”

शुक्रवारी पाहुणे उन्हं कलल्यावर आले. भोंगा वाजला, लोक हसले, लक्ष्याच्या खांद्यावर शाल पडली. तोवर शेवटची एसटी निघून गेली होती. “बॅटरी उद्या जीपनं पोचवतो,” साहेब म्हणाला. लक्ष्या मांडवातल्या सतरंजीवर आडवा झाला नि थकून गाढ झोपला.

सकाळी तो बांधावर आला, तेव्हा जमुना चेपलेला डबा मांडीवर घेऊन बसली होती. हाताला फोड. आवाज बसलेला. समोर खाचरांत भात नव्हतं, चिखल होता. खाल्लं थोडं, लोळून तुडवलं फार.

“भोंगा नाय वाजला, तं कळला त्यांला,” ती एवढंच बोलली. “डब्याला कोण भितो?”

लक्ष्यानं शाल अंथरली. दोघं चिखलातून लोंब्या वेचू लागली. कणसरीला मूठभर तरी लागणारच होतं.

दुपारी जीप आली. साहेबानं बॅटरी उतरवली, फोटोवाला उतरवला नि खाचराकडे बघून थबकला.

“अरेरे! पण फोटो तर आजच पाठवायचाय.” त्यानं इकडंतिकडं पाहिलं. “ते तिकडचं पीक छान आहे. तिथं उभा राहा.”

मास्तरांच्या कुंपणाचं फाटक उघडलं गेलं. लक्ष्या दुसऱ्याच्या छातीभर भातात उभा राहिला. हातात बॅटरी, खांद्यावर लोंब्या झटकून घेतलेली चिखली शाल.

“जरा हस रे. पीक वाचवलंस तू!”

लक्ष्याला हसू येईना. बांधावरून जमुनाचा घोगरा आवाज आला, “हस की रं. रातभर जागून डुकरा तेवढी हसली, आथा तू हस.”

लक्ष्या हसला. फोटो चांगला आला.