तेलुगू बैलांचा मास्तर

१९७९ साली सरकारनं माझ्या गळ्यात प्रौढ शिक्षणाचा वर्ग अडकवला. केळझरजवळच्या आमच्या गावात तीस माणसं साक्षर करायची होती. आली तीन. एक बहिरा, दुसरा त्याला सोबत म्हणून आलेला. तिसरा दुसऱ्या दिवसापासून दिसलाच नाही.

त्याच उन्हाळ्यात तानबानं बाजारातून बैलजोडी आणली. हा तानबा माझाच विद्यार्थी. दुसरीत तीन वर्षं बसला, तिन्ही वर्षं माझी छडी खाल्ली आणि शेवटी शाळा सोडून गेला. जोडी देखणी होती, पण व्यापाऱ्यानं ती तेलुगू मुलखातून, आदिलाबादकडून आणलेली. तानबा 'चाल' म्हणाला, बैल उभे. हातापाया पडला, तरी उभेच. मिरग तोंडावर आलेला आणि वावर वखरायचं तसंच पडलेलं.

"चार फटके हाण," गावानं सल्ला दिला.

"मारून काय होते?" तानबा म्हणाला. "त्याइले समजूनच नाई राह्यलं."

तो पुलगावला गेला. तिथं गिरणीत कामाला असलेल्या एका तेलुगू माणसाच्या ओसरीवर आठ दिवस राहिला आणि तेलुगू शिकून आला. "पदा," तो बैलांना म्हणाला. बैल निघाले. "आगू," म्हणाला. थांबले. तानबा वखर तिथंच सोडून माझ्याकडे धावत आला. डोळ्यांत पाणी. "गुरुजी, मलेई शिकता येते!"

त्याच व्यापाऱ्याकडून आणखी चौघांनी बैल घेतले होते. त्यांच्यासाठी तानबानं मारुतीच्या पारावर शिकवणी काढली. "मले आलं, म्हंजे कोणालेई येईन," एवढीच त्याची जाहिरात. पंधरा दिवसांत चाळीस जण झाले. ज्यांचे बैल गावातच जन्मले, तेही येऊन बसले. कवडूकडे तर बैलच नव्हता. "शिकून ठेवतो," तो म्हणाला, "पुढं घेतला त अडचण नको." परीक्षा तानबाची जोडी घेई. ज्याच्या बोलण्यावर बैल हलले, तो पास. सरपंच किसनराव तीनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी तर बैल खालीच बसला. ज्याला गाव 'ए तान्या' म्हणायचं, तो आता 'तानबाजी मास्तर' झाला. माझ्या वर्गात मी आणि फळा. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

श्रावणात एकदा त्याच्या गोठ्यावरून जात होतो. त्याची बायको रुख्माबाई झाडत होती. "सरक ना बाप्पा, झाडू दे मले," ती म्हणाली. बैल निमूटपणे सरकला.

मी तानबाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"महिना झाला, गुरुजी. समजते त्याइले आपलं. कोणाले सांगू नका. वर्ग मोडला त मी पुन्हा तान्याच."

मी शब्द दिला नाही. मनात म्हटलं, बरा सापडला.

पोळ्याला सजवलेल्या जोड्या तोरणाखाली जमल्या. तानबाची जोडी तेवढी मागं राहिली होती. ती आणायला किसनराव हौसेनं पुढं झाले, ऐनवेळी सगळं तेलुगू विसरले आणि चिडून ओरडले, "चाल ना बे!"

बैल चालू लागले ते थेट तोरणाखाली येऊन थांबले.

"याइले मराठी येते!" किसनराव कडाडले. "काऊन बनवून राह्यला बे आमाले?"

सगळं गाव तानबाकडे वळलं. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले. दुसरीत छडीपुढं तो अगदी असाच उभा राहायचा. मला स्वतःची लाज वाटली.

"किसनराव," मी ओरडलो, "बैलाले मराठी शिकवली कोणी? मले तीन वर्षांत याले बाराखडी शिकवता आली नाई. यानं तीन महिन्यांत बैलाले भाषा शिकवली!"

गाव विचारात पडलं.

"बरोबर हाय," शेवटी कवडू म्हणाला. "मास्तर भारी हाय आपला." मग गावानं बैलांच्याही आधी तानबाला गुलाल लावला.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग उघडला तर तानबा आधीच दारात, हातात कोरी पाटी.

"गुरुजी, बाराखडी शिकवा. पण एक सांगू?"

"सांग."

"बैलाइले म्या एकदाई मारलं नाई."

छडी फळ्याला टेकून उभी होती. ती मी त्याच्याच हातात दिली आणि म्हणालो, "जाताना घेऊन जाजो. रुख्माबाईच्या चुलीले होईन."