शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

त्या रविवारी दुपारभर बाबांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे बाबा गाडीच्या डॅशबोर्डखाली होते. मी स्टिअरिंगमागे बसून ते आतून सांगतील तसा ब्रेक दाबत होते. ‘दाब’ म्हटलं की दाबायचा, ‘सोड’ म्हटलं की सोडायचा. मधेच ते म्हणाले, जरा हलक्या पायानं, ब्रेक आहे तो, झुरळ नाही. काय चाललंय हे मी विचारलं नाही. बाबा काही करत असले की आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. झालं की ते स्वतःच बोलावून दाखवायचे. शेवटी ते कण्हत बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि उरलेलं उद्या म्हणाले. मी चहा घेतला, माझी गाडी काढली आणि माझ्या घरी आले.

पहाटे आईचा फोन आला.

महिनाभर त्यांची गाडी जागची हलली नाही. दादा दुसऱ्या शहरात असतो. तो म्हणाला, उभ्या उभ्या सडेल, विकून टाकू. आईला गाडी चालवता येत नाही आणि माझ्याकडे माझी आहे, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडेना. एका सकाळी मी ती जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेले.

व्यापारी पोट सावरत गाडीभोवती फिरला. बाबांनी आयुष्यभर लिफ्टची देखभाल केली. हाताशी आलेली कुठलीही वस्तू त्यांनी होती तशी राहू दिली नाही. आरसे मोठे बसवले होते, सीट चार बोटं उचलली होती, हॉर्न बदलला होता, मागे जादा दिवे लावले होते. एकेका गोष्टीपाशी थांबून व्यापारी ‘हे कमी’ म्हणत होता. मला वाटलं होतं, गाडीत भर घातली की किमतीतही भर पडते. तसं मी म्हटलंही. तो हसला. “ताई, दुसऱ्याची हौस कुणाला विकत नको असते.”

मग तो शेजारच्या सीटवर बसला, आणि त्याचा पाय कशाला तरी लागला. वाकून बघितलं तर तिथे आणखी एक ब्रेक होता. एका सळईनं तो मूळ ब्रेकला जोडलेला होता. पॅडलला रबर तेवढं बसवायचं राहिलं होतं.

त्यानं विचारलं, गाडी ड्रायव्हिंग स्कूलला होती का? मी नाही म्हटलं. मग घरात कुणी शिकत होतं का? नाही. मग हा कुणासाठी? गाडी बाबांची आहे, त्यांनीच बसवलाय, एवढंच मी सांगितलं. तो वैतागला नाही, उलट समजावून सांगायला लागला. हौसेची वस्तू काढून टाकता येते, पण ब्रेकला हात लावलेला दिसला की गिऱ्हाईक बिचकतं. त्याला वाटतं, गाडीत काहीतरी खोट आहे आणि हे लपवतायत.

“तुम्ही कारण सांगा, मी किंमत सांगतो. नाहीतर असं करा, वडिलांनाच घेऊन या. पाच मिनिटांचं काम.”

“बरं,” मी म्हणाले. “विचारते त्यांना.”

आणि खरंच, निम्म्या रस्त्यापर्यंत मी कसं विचारायचं तेच ठरवत होते. सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मला गाडी पुढे काढायचं सुचेना.

मग वाटलं, हा माझ्यासाठीच असणार. मी चालवताना बाबा शेजारी बसून उजवा पाय खाली दाबत राहायचे. मी चिडायचे, दादा हसायचा. आता त्यांनी पायाखाली खराखुरा ब्रेकच घेतला होता. इतकी वर्षं मी चालवते, तरी भरवसा नाही? गेलेल्या माणसावर रुसून मी त्यांच्याच दारात गाडी लावली आणि शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. पॅडल फार जवळ होतं, गुडघा वर आदळत होता. बाबा तर माझ्याहून वीतभर उंच. त्यांचा पाय तिथे मावलाच नसता.

मी आईला हाक मारली. ती ओल्या हातानं बाहेर आली, काही न विचारता सीटवर बसली. तिचा पाय चपलेत जावा तसा पॅडलवर गेला.

“तुझ्यासाठी आहे हा?”

“माझ्या पायासाठी,” आई म्हणाली. “पण माझ्यासाठी नाही. यांच्यासाठी.”

ती तुकड्यातुकड्यांनी सांगत गेली. यांचा उजवा पाय अधूनमधून बधिर व्हायचा. एकदा भर बाजारात तो ब्रेकवर गेलाच नाही. फळांच्या हातगाडीला घासून निघाले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, काही होत नाही. लिफ्टला कधी एकच ब्रेक असतो का? एक लागला नाही तर दुसरा लागतो. मी ‘दाब’ म्हटलं की तू दाबायचा.

“आणि तू हो म्हणालीस?”

“यांच्या लिफ्टमधून कधी कुणी पडलं नाही गं. मला वाटलं, कळत असेल यांना.”

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग दोघींनाही कुठे बघावं कळेना. कुणावर रागवायचं होतं? जो पाय डॉक्टरला दाखवायचा, त्याच्यासाठी त्यांनी गाडी उघडली होती. मला तर वाटत होतं, ते गाडीत काहीतरी नवीन बसवतायत.

फोन वाजला. व्यापारी होता. एक गिऱ्हाईक उद्या गाडी बघायला येतंय, वडील येतील ना, बोलणं झालं का, तो विचारत होता.

उद्या बघते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. महिनाभर मी असंच काहीतरी म्हणत होते. नातेवाइकांना दादानं कळवलं होतं. ऑफिसात मी घरी जरा अडचण आहे म्हटलं होतं. आईला तर सांगायची गरजच नव्हती. ती अजून सीटवर बसली होती, पाय पॅडलवर तसाच. मागच्या भिंतीवर ब्रेकच्या दिव्याचा लाल उजेड पडला होता.

“नाही,” मी म्हणाले. “तो ब्रेक त्यांच्या पायासाठी होता. पाय बधिर व्हायचा त्यांचा.”

पलीकडून तो म्हणाला, मग त्यांनाच येऊन तसं सांगू दे ना.

“ते येणार नाहीत,” मी म्हणाले. “बाबा गेले.”